नवीन पिकअपला पट्टे मारायचे का नाही? घरात दोन पार्ट्या पडल्यात

टोमॅटोवाला_जुन्नर

नमस्कार मंडळी. नवीन बोलेरो पिकअप काढलीय, पांढरी, लांब हौद्याची, पासिंग होऊन पिवळी पाटी पण लागली. काम आमचं ठरलेलं, सीझनला नारायणगावचा टोमॅटो, बाकी वेळ फुलं, काकडी, जे मिळंल ते, ओतूरवरून माळशेज उतरायचा, मुरबाड कल्याण करत रात्री वाशी मार्केट, येताना रिकामी यायला नको म्हणून कधी खत कधी किराणा.

आता विषय असा की धाकटा भाऊ आणि पुतण्या दोघं मागं लागलेत की गाडीला पट्टे मारायचे. बॉनेटवर दोन जाड, आणि साईडनं पुढच्या मडगार्डपासून दार घेऊन पार हौद्याच्या शेवटापर्यंत एक लांब पट्टा, मागं जाताना निमुळता होत जाणारा, लाल आणि नारिंगी. मोबाईलवर डिझाईन करून पण आणलंय पोरांनी, दिसतंय भारी, खोटं कशाला बोलू. वडील म्हणतात धंद्याची गाडी आहे, नवरदेव नाही, पांढरी आणलीय पांढरीच ठेवा, हप्ते फिटेपर्यंत तिच्यावर एक रुपया फालतू घालायचा नाही.

मी मधे. मला स्वतःला पट्टा आवडतो पण अख्खी गाडी रंगीबेरंगी नको. रेडियमवाल्यांकडं विचारलं तर एकानं साडेचार हजार सांगितले, दुसऱ्यानं त्याच डिझाईनचे अकरा, म्हणतो माझा माल वेगळा. माल वेगळा म्हणजे काय ते विचारल्यावर नुसतं "टिकतो" एवढंच उत्तर.

तर सांगा, उन्हापावसात हे किती टिकतं, पुढं फिटनेसला आरटीओत अडवतात का, आणि पाच सहा वर्षांनी गाडी विकताना पट्ट्यामुळं भाव पडतो का. ज्यांच्या स्वतःच्या गाडीला मारलेत त्यांनी जरूर बोला.

बुलेटराजा_९६

मार की भावा, विचारतो काय. गाडी एकदाच नवीन असते.

कांदा_एक्सप्रेस

वरच्या भावाचं ऐकू नको, तो बुलेटवाला आहे, त्याला गोणी उचलायची नाय 😄

मी राहुरीचा, कांदा वाहतो, घोडेगाव मार्केटला कायम असतो (नेवाशाचं घोडेगाव, तुमच्या आंबेगावचं नाही). माझी ही दुसरी पिकअप. तुझ्या डिझाईनमधे जो पट्टा हौद्यावर जातोय ना तो विसर. केबिनवर काय करायचं ते कर, हौद्यावर स्टिकर हा प्रकारच चालत नाही आणि का चालत नाही ते सांगतो.

माल भरल्यावर ताडपत्री टाकली की दोर कुठून जातो? वरून येऊन हौद्याच्या बाजूच्या पत्र्यावरून खालच्या कडीला. गाडी हलली की तो दोर त्या पत्र्यावर घासत राहतो, घाटात तर विचारूच नको, डावीकडं उजवीकडं माल झुकतो तसा दोर ताणतो आणि सुटतो. नायलॉनचा दोर असेल तर पहिल्या सीझनमधेच जिथं जिथं दोर येतो तिथं तिथं पट्ट्याला उभ्या रेघा पडणार. मग हमाल. हमाल काय शिडी लावून चढत नाही, चाकावर एक पाय, फाळक्याच्या कडेवर दुसरा, आणि वर. त्याच्या चपलेखाली तुझा नारिंगी पट्टा. आणि क्रेट उतरवताना कडेवर आपटतातच, तिथला मूळ रंग जातो तिथं स्टिकरचं काय घेऊन बसलास.

अजून एक, बाजूचे फाळके उघडणारे असतील तर बिजागरीपाशी आणि जोडापाशी पट्टा तोडावा लागतो. तिथून पाणी आत जातं, धूळ बसते, कोपरा उचलतो, आणि उचललेला कोपरा दिसला की येणारं जाणारं पोरगं नखानं ओढून बघतंच. सहा महिन्यांनी पट्टा असा दिसतो की जणू कुणी अर्धी मिशी काढून सोडून दिलंय. त्यापेक्षा नसलेला बरा.

आरटीओचं मला काय कधी कुणी विचारलं नाही, पण ते जाणकार सांगतील.

रेडियम_सांगली

नमस्कार. आमचं रेडियमचंच दुकान हाय त्यामुळं मी पट्टे मारा असंच म्हणणार असं वाटंल, पण जरा सविस्तर सांगतो, कारण साडेचार आणि अकरा मधला फरक कुणी नीट सांगत न्हाई आणि मग गिऱ्हाईक शिव्या आम्हाला घालतंय.

पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या चिकट कागदाचा कापत्यात ते व्हिनाइल, ते दोन जातीचं येतं. एक कॅलेंडर्ड, म्हंजे गरम मटेरियल रोलरमधनं दाबून लाटून पातळ केलेलं. लाटताना ते ताणलेलं असतंय, त्यामुळं उन्हात तापलं की परत मूळ आकाराकडं आकसायला बघतंय. म्हणून त्याच्या कडा मागं सरकतात आणि कडेला गोंदाची काळी रेघ दिसायला लागती, धूळ चिकटून. दुसरं कास्ट, ते पातळ द्रव ओतून सुकवून तयार करत्यात, त्यात ताण नसतो, पातळ असतंय, वळणावर, खोबणीत बसतंय आणि बसल्यावर तिथंच राहतंय. कास्ट महाग. तुमचा अकरावाला जर खरंच कास्ट देत असंल तर भाव बरोबर हाय, आणि कॅलेंडर्ड देऊन अकरा घेत असंल तर लुटतोय. ओळखायचं कसं तर रोलच्या मागच्या कागदावर कंपनीचं नाव आणि सिरीज छापलेली असती, ती वाचा, मोबाईलवर शोधा, कास्ट का कॅलेंडर्ड ते लगेच कळतंय. दुकानदार मागचा कागद दाखवायला का कू करत असंल तर चहा पिऊन निघा.

टिकायचं म्हणाल तर साधं कॅलेंडर्ड आपल्या उन्हात दोन तीन वर्षं बरं दिसतंय, चांगल्यातलं अजून थोडं. कास्ट सात वर्षांपर्यंत जातंय, पण हे उभ्या पत्र्याचं बोलतोय, दार, मडगार्ड. बॉनेट आणि टप आडवे, त्यांच्यावर ऊन थेट पडतंय आणि बॉनेटला खालनं इंजिनची गरमी. तिथं आयुष्य निम्म्यावर आलं म्हणून धरा. त्यामुळं बॉनेटवरचे दोन जाड पट्टे मी तरी धंद्याच्या गाडीला नको म्हणतो, मारायचेच असतील तर कास्टच, आणि वर्षभर उन्हात उभी राहणार असंल तर तेही नको.

रंगाचं ऐका. लाल, नारिंगी, पिवळा हे उन्हानं सगळ्यात आधी उडतात. लाल गुलाबी होतो, नारिंगी मळक्या पिवळ्यावर येतो. काळा, राखाडी, गडद निळा टिकतात. पांढऱ्या गाडीवर काळा किंवा गडद राखाडी बारीक पट्टा वर्षानुवर्षं तसाच दिसतो. पोरांस्नी सांगा एवढं.

आता लावताना बघायच्या गोष्टी. पत्रा साबणानं धुऊन, मग स्पिरिटनं पुसून घ्यायचा, शोरूमनं पॉलिश मारलेलं असतंय, त्या पॉलिशवर काय चिकटत न्हाई. सावलीत लावायचं, तापलेल्या पत्र्यावर न्हाई. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारागिरानं गाडीवर ब्लेड फिरवायचं न्हाई. पट्टा मशीनवर कापूनच आणायचा. दाराच्या फटीपाशी जास्तीचं कापायला लई जण गाडीवरच कटर ओढतात, रंगाला केसाएवढी चीर पडती, ती दिसत न्हाई, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथनंच गंज वर येतो. पट्टा दाराच्या कडेच्या अर्धा सेंटिमीटर आधी थांबवा म्हणावं, गोल कोपरा देऊन. टोकदार कोपरा आधी उचलतो, गोल उशिरा.

लावल्यावर दोन दिवस गाडी धुवू नका. आणि वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप पट्ट्याच्या कडेवर जवळनं मारू देऊ नका, हातभर लांबनं मारा म्हणावं. एवढं केलं तर माझ्याच काय कुणाच्याबी दुकानातला पट्टा टिकंल.

बुलेटराजा_९६

काका एवढं तर इंजिनियरिंगला पण शिकवलं नाही 🙏

पासिंग_गुरू

आरटीओचं मी सांगतो, आयुष्य तिथल्या गेटबाहेर गेलंय.

पट्ट्याला परवानगी लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे ते गाडीत बदल करण्याबद्दल, आणि रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पण रंग बदलला म्हणजे पांढरी गाडी काळी केली, नाहीतर अख्खी रॅप करून टाकली तर. पांढरी गाडी बघितल्यावर पांढरीच ओळखू येत असेल तर एका पट्ट्यावरून कुणी काही म्हणत नाही. तेव्हा पट्टा "रंगकाम" वाटेल एवढा मोठा करू नका, बास.

अडतं कुठं ते सांगतो, कारण पोरं डिझाईन करतात तेव्हा हे कुणाच्याच डोक्यात नसतं. तुमची मालवाहू गाडी आहे. परमिटच्या अटी ज्या कलम 84 मधे आहेत त्यात लिहिलंय की चालवणाऱ्याचं नाव पत्ता गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून, गाडीच्या रंगावर उठून दिसेल अशा रंगात, ठळक अक्षरात, खिडकीच्या रेषेच्या खाली जमेल तेवढं वर आणि मधोमध लिहायचं. म्हणजे कुठं? दारावर, काचेच्या खाली. म्हणजे बरोबर तिथंच जिथून तुमच्या पुतण्याचा पट्टा जातोय. गाडीचं एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिटच लागत नाही, त्यामुळं तुमच्या आरसीवर वजन किती आहे ते आधी बघा. पण नाव, रिकामं वजन, भरलेलं वजन हे आपल्याकडं बहुतेक सगळे लिहूनच घेतात आणि फिटनेसला बघणारा ते शोधतो. तेव्हा दाराचा वरचा भाग मोकळा सोडा. पट्टा मारायचा तर दाराच्या खालच्या एक तृतीयांश भागात.

दुसरं, रिफ्लेक्टर टेप. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, मंजूर कंपनीची. तिच्यावर पट्टा चढवायचा नाही आणि तिला काढून पट्टा मारायचा नाही. आणि हे ऐका, चमकणारं लाल रेडियम गाडीच्या पुढच्या बाजूला कधीही लावायचं नाही. रात्री समोरून येणाऱ्याला लाल चमकलं की त्याला वाटतं पुढं चाललेल्या गाडीचा मागचा भाग आहे. तुमच्या बॉनेटवरचा लाल पट्टा साध्या व्हिनाइलचा असेल तर वेगळी गोष्ट, पण रेडियमवाले हौसेनं चमकणारा टाकतात आणि मग तुम्ही घाटात.

तिसरं काचा. पुढच्या काचेवर वर मोठी पट्टी लावून देवाचं नाव, गावाचं नाव, पोरांची नावं, ते बंद करा. 2012 ला सुप्रीम कोर्टानं काचेवरच्या फिल्मवर बंदी आणली तेव्हापासून पोलिसांना ते हातात दिलेलं चलन आहे. देवाचं नाव फाळक्यावर लिहा, देवाला चालतं. आणि पाटीला हात लावायचा नाही, अक्षरांना स्टायल नाही, भोवती स्टिकर नाही. मागं "हॉर्न ओके प्लीज" पण लिहू नका, महाराष्ट्रात 2015 मधेच बंद केलंय ते, अजून लोक लिहितात ही गोष्ट वेगळी.

नवीन गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेसची काळजी नाही. नंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्याच्यापुढं दरवर्षी.

टोमॅटोवाला_जुन्नर

पासिंग गुरू, हे नावाचं खरंच लक्षात आलं नव्हतं, लई मोठं काम केलंत. दारावर नाव लिहायचं आहेच, अजून पेंटर मिळाला नाही म्हणून राहिलंय. कांदा एक्सप्रेस, हौद्याचं पटलं, आमच्याकडं क्रेट असतात त्यामुळं दोर तुमच्याएवढा ताणत नाही पण हमाल सगळीकडं सारखेच.

सांगलीकर काका, पट्टा काढायची वेळ आली तर? रंगावर डाग राहतो म्हणतात ते खरं का? वडिलांचा मुख्य मुद्दा तोच आहे.

रेडियम_सांगली

खरं आणि खोटं दोन्ही. पट्ट्याखालचा रंग झाकलेला राहतो, बाकी पत्र्याला ऊन लागतंय, त्यामुळं काढल्यावर खाली पट्ट्याची आकृती दिसती. लाल, निळ्या, काळ्या गाडीवर ती ठळक दिसती. पांढऱ्यावर फार कमी, कारण पांढरा उडून उडून कुठं उडणार, फक्त कडेला मळीची बारीक रेघ राहती, ती रबिंग पॉलिशनं जाती. तुमची गाडी पांढरीच हाय, वडलांस्नी सांगा निवांत राहा.

काढताना मात्र हिट गन नाहीतर केस वाळवायचा ड्रायर. गरम करत करत एका कोपऱ्यानं हळूहळू, पत्र्याला चिकटून मागं ओढायचं, सरळ वर न्हाई. राहिलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं. ब्लेडनं, पत्रीनं खरडायचं न्हाई. आणि जुनं, उन्हानं कडक झालेलं कॅलेंडर्ड असंल तर तुकडे तुकडे निघतंय, अख्खा दिवस जातो, म्हणून पार वाळून फाटायच्या आधीच काढावं.

एक राहिलं. गाडी कुठं घासली आणि तो भाग परत रंगवला तर त्यावर लगेच स्टिकर मारू नका, गॅरेजच्या रंगाला महिनाभर सुकू द्या, आतला थिनर बाहेर पडायला पाहिजे, न्हाईतर फुगे येत्यात. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, नवीन गाडीला हा प्रश्न न्हाई.

दूधवाली_ताई_फलटण

सगळे दादा लोक टिकेल का, डाग पडेल का यावरच बोलताय, पट्ट्याचा उपयोग काय ते कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

आमची दूध संकलनाची गाडी आहे, मी आणि मिस्टर दोघं चालवतो, पहाटे वाड्यावस्त्यांवरून कॅन गोळा करायचे. आमच्या भागात पांढऱ्या पिकअपच पिकअप, पोल्ट्रीवाल्याची पांढरी, डाळिंबवाल्याची पांढरी, वाळूवाल्याची पण पांढरी. अंधारात लांबून गाडी येताना दिसली की बायका कॅन घेऊन रस्त्यावर यायच्या आणि निघायचा कुणी दुसराच. आम्ही दाराच्या खाली एक निळा पट्टा आणि टपाच्या पुढच्या कडेला तसाच निळा, एवढंच केलं. आता लांबूनच कळतं. शाळेतली पोरं पण निळ्या पट्ट्याची दुधाची गाडी म्हणतात.

तुम्ही तर वाशीला जाता. तिथं रात्री पांढऱ्या पिकअप किती उभ्या असतात ते तुम्हालाच माहीत. हमालाला, गाळ्यावरच्या पोराला "राखाडी पट्ट्याची जुन्नरची गाडी" सांगितलं की तो नंबर वाचत फिरणार नाही. फक्त एक, नक्षी नको. निमुळते होणारे, वाघाच्या पंजाचे, ज्वाळांचे डिझाईन लांबून काही कळत नाही, जवळून छान दिसतं. लांबून ओळखायची असेल तर सरळ, एकाच रंगाची, चार पाच बोटं रुंद पट्टी.

आणि दादा, वडिलांना पट्ट्याचं हे कारण सांगून बघा. माझ्या सासऱ्यांचा पण विरोध होता, शोभेला म्हटलं की नाही, धंद्याला म्हटलं की हो 😊

कांदा_एक्सप्रेस

ताई हा मुद्दा एक नंबर. मी मान्य करतो, मार्केटला माझी गाडी मलाच सापडत नाही कधी कधी.

ब्रश_आणि_डबा

सगळं वाचलं. व्हिनाइल, कास्ट, फिस्ट. पेंटर नावाचा प्राणी अजून जिवंत आहे हे कुणाच्या ध्यानात नाही, आणि वर म्हणताय पेंटर मिळाला नाही.

मी कराडचा, ट्रकच्या हौद्यांवर लाईन मारण्यात हयात गेली. हौद्याला स्टिकर टिकत नाही हे वरच्या भावाचं बरोबर आहे, पण म्हणून हौदा मोकळा सोडायचं कारण नाही. हौद्याला ब्रशची लाईन मारा. चांगल्या इनॅमलची किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची, दोन इंची, हौद्याच्या वरच्या कडेखाली सरळ. लांब केसाचा ब्रश लागतो, मनगट टेकवायचं नाही, करंगळी पत्र्याला टेकवून एका दमात ओढायची. दोर घासला, क्रेट आपटलं, टवका उडाला तर उडाला, डबी काढून दोन मिनिटांत भरून देतो, पट्टा पूर्ण बदलावा लागत नाही. आणि हौदा तर तुम्ही कधीतरी रंगवणारच, चार पावसाळे झाले की गंजाला आधी रेडऑक्साईड मग रंग, कुठल्याही कंपनीची गाडी घ्या हौद्याचं हे चुकत नाही. त्या वेळी लाईन पण नवीन.

केबिनवर मात्र ब्रश चालवू नका असं मीच सांगेन. कंपनीच्या गुळगुळीत रंगावर इनॅमल धरायला आधी घासायचा पेपर मारावा लागतो, नवीन गाडीला पेपर मारायला माझा तरी हात धजावत नाही. तिथं ते व्हिनाइलच बरं.

दारावरचं नाव हातानं लिहून घ्या, संगणकातल्या त्या ठोकळ्या अक्षरांनी नका. मालकाचं नाव मोडीत निघाल्यासारखं दिसतं. आणि फाळक्यावर एक तरी कमळ काढा, लई दिवस झाले कुणी काढायला सांगत नाही.

रेडियम_सांगली

पेंटरकाका बरोबर बोलला. आमच्या धंद्याच्या विरोधात हाय पण हौद्याला ब्रशच.

टेक्सासचा_तात्या

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ह्यूस्टन. इकडं पिकअप म्हणजे वेगळंच प्रकरण, फोर्ड एफ-150 घेऊन लोक एकटे ऑफिसला जातात, हौद्यात कधी पाण्याची बाटली पण नसते. आणि पट्ट्याची गंमत म्हणजे इथले बरेच डीलर न विचारता गाडीला साईडनं बारीक रेघ मारून ठेवतात आणि बिलात वेगळे पैसे लावतात, दोन रुपयांचं स्टिकर आणि बिल शेकडो डॉलर. भांडलं की काढतात, बिलातून, गाडीवरून नाही. तेव्हा तुम्ही आधी विचारताय हेच लई झालं.

क्रेटनी भरलेली पिकअप बघून बरीच वर्षं झाली, फोटो टाका पट्टे मारल्यावर.

जुन्या_गाड्या_घेणं_देणं

विक्रीचं विचारलंय ते कुणी सांगितलं नाही. मी जुन्या पिकअपच घेतो विकतो. घेणारा आधी चेसिस बघतो, मग हौद्याचा तळ, मग टायर, मग इंजिनचा धूर. पट्टा बघून भाव कुणी पाडत नाही. भाव पडतो तो फाटलेल्या, गुलाबी पडलेल्या पट्ट्यानं, कारण गाडी रापलेली वाटते, आणि दुसरं म्हणजे पट्टा ज्या जागी आहे तिथं खाली काही लपवलंय का अशी शंका येते. दाराला ठोकर बसली, लांबी (पुट्टी) भरली आणि वर मोठं स्टिकर मारलं असे प्रकार रोज बघतो मी, म्हणून रुंद ग्राफिक्स दिसलं की बोटानं ठोकूनच बघतो. बारीक सरळ पट्टा असेल तर ही शंकाच येत नाही. मालकाचं मोठं नाव आणि गावाचं नाव यानं उलट जास्त त्रास, नवीन मालकाला ते आधी पुसायचं असतं.

विम्याचं पण सांगतो, दाराला धडक बसून क्लेममधे दार रंगवलं तर त्यावरच्या पट्ट्याचे पैसे सहसा धरत नाहीत. म्हणून पट्टा असा घ्या की एका दाराचा तुकडा वेगळा मिळेल. डिझाईनची फाईल दुकानदाराकडून घेऊन ठेवा, दुकान उद्या असेल नसेल.

बुलेटराजा_९६

मग शेवटी ठरलं काय? आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टोमॅटोवाला_जुन्नर

आरसी काढून बघितली, वजन 3000 च्या वर आहे, म्हणजे परमिट आलं आणि नाव पण आलं. त्यामुळं दाराचा वरचा भाग नावाला, तिथं पेंटरच लिहिणार. पट्टा दाराच्या खालच्या भागात, चार बोटं, गडद राखाडी, सरळ, पुढच्या मडगार्डपासून केबिनच्या शेवटापर्यंत, तिथंच थांबवायचा. बॉनेट कोरं. टपाच्या पुढच्या कडेला तसलीच एक पट्टी, काचेच्या वर, काचेवर नाही. हौद्याला ब्रशची राखाडी लाईन, आणि बाजूची पिवळी टेप तिच्या खाली स्वतंत्र. माळशेजात धुकं असतं तेव्हा राखाडी पट्टा कुणाला दिसणार नाही हे मला कळतंय, तिथं टेपच कामाला येणार, म्हणून टेप आधी आणि पट्टा नंतर.

अकरावाल्याकडं परत गेलो, मागचा कागद बघितला, कास्ट निघालं. डिझाईन एवढं छोटं केल्यावर अकराचे साडेपाच झाले. ताईंचं कारण वडिलांना सांगितलं, वाशीला गाडी लांबून ओळखू येते म्हणून. ते म्हणाले मग नारिंगीच मारा की, राखाडी अंधारात काय ओळखू येतंय. आता ह्याला काय उत्तर देऊ? 😅

दूधवाली_ताई_फलटण

दादा, वडील बरोबर बोलतायत, राखाडी रात्री दिसणार नाही. गडद निळा पण रात्री काळाच दिसतो हे खरं, पण मार्केटला लाईट असतात तिथं निळा कळतो, राखाडी नाही कळत. निळा घ्या.

रेडियम_सांगली

निळा घ्या. उडत पण न्हाई. आणि नारिंगीच पाहिजे असं वडील म्हणत असतील तर फक्त टपाच्या पट्टीला नारिंगी मारा, हातभर लांबीची पट्टी हाय, दोन वर्षांनी उडाली तर शंभर दोनशेत बदलून होती. दाराच्या निळ्या पट्ट्याचं माप घेताना दार बंद करून घ्या, उघडं ठेवून घेतलं की मडगार्डशी रेघ जुळत न्हाई.